घर पाहावं भाड्यानं!

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. त्यात आता 'फ्लॅट पाहावा भाड्यानं' एवढी भर घालायला हरकत नाही. शिक्षण, नोकरी किंवा बदलीच्या निमित्तानं पुण्यात येणाऱ्या कुणालाही विचारा. एजंट तासाभरात तीन घरं दाखवतो, 'संध्याकाळपर्यंत टोकन द्या, नाहीतर जाईल' असं बजावतो आणि आपण ताजा रंग नि गॅलरीतली टेकडी पाहून होकार देऊन टाकतो.

माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की रंग आणि टेकडी आपोआप दिसतात. जे आपोआप दिसत नाही, ते पाहायला जायचं. अशा गोष्टी मुख्यतः तीन : पाणी, ओल आणि कागद.

आधी पाणी. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकाच वेळी सोडून पाहा. धार बारीक झाली तर वरच्या मजल्यावर सकाळी काय होत असेल, याचा अंदाज येतो. नंतर खाली येऊन वॉचमनला विचारा : पाणी महापालिकेचं की बोअरचं? दिवसातून किती वेळ येतं? एप्रिल-मे महिन्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण भरतं? ही उत्तरं एजंटपेक्षा वॉचमन आणि शेजारी खरी देतात.

दुसरी ओल. पावसाळ्यात घर पाहायला मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर एकाच भिंतीला नवा रंग का दिला आहे, हे विचारा. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, खिडकीखालचा कोपरा, कपाटाची आतली बाजू हातानं चाचपून पाहा. पोपडे, बुरशीचा वास, फुगलेली दाराची चौकट ही गेल्या पावसाची साक्ष असते. शक्य असेल तर घर दोनदा पाहा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. दुपारी शांत वाटणारा रस्ता रात्री आठनंतर तसाच असेल असं नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा कागद. समोरची व्यक्तीच मालक आहे ना, याची खात्री करा. इंडेक्स टू, मिळकतकराची पावती, विजेचं बिल यांवरची नावं मालकाच्या ओळखपत्राशी ताडून पाहा. विजेच्या बिलावर मागची थकबाकी दिसते, तीही पाहा. मीटर स्वतंत्र आहे का, हे विचारा आणि राहायला जाण्याच्या दिवशी त्याचं रीडिंग लिहून ठेवा.

आता कराराचं. 'अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोंदणी कशाला?' हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची प्रथा त्यातून पडली. पण महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं, की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यात भाडेकरूचा फायदा काय? समजा, भाडं २० हजार आणि अनामत ६० हजार. अकरा महिन्यांच्या भाड्यावर पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क साडेपाचशे रुपये, अनामतीच्या हिशेबाचे थोडे वर, शिवाय महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी शुल्क. एवढ्या खर्चात आपल्या ६० हजारांची नोंद सरकारदरबारी होते. नोंदणी आता ऑनलाइनही होते, त्यामुळे वेळ नाही ही सबबही उरत नाही.

करार वाचताना चार गोष्टी शोधा : अनामत किती दिवसांत परत मिळणार, त्यातून कशाकशाची कपात होणार, मुदतीआधी घर सोडायचं तर किती दिवसांची नोटीस द्यायची आणि सोसायटीचा देखभाल खर्च कोणी भरायचा. एक अट उलट बाजूचीही लक्षात ठेवा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर रिकामं केलं नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम मोजावी लागू शकते.

अनामत चेकनं किंवा बँकेतूनच द्या. किल्ली घेताना पंखे, गीझर, नळ यांची यादी करा, फुटलेल्या फरशीचे फोटो काढा आणि यादीवर मालकाची सही घ्या. यात अविश्वास मुळीच नाही. अकरा महिन्यांनी दोघांचीही स्मरणशक्ती वेगवेगळी चालते. त्या वेळी हा कागद असला, की वाद होत नाही आणि अनामत परत मिळते.