माळावर झाडं का तगत नाहीत?

जून उजाडला की तेच वाक्य पुन्हा कानावर पडतं: ‘हा माळ नुसता पडीक पडलाय. झाडं लावा, पाच वर्षांत जंगल उभं राहील.’ ग्रामसभेत हेच, शाळेच्या कार्यक्रमात हेच, आणि शिकलीसवरलेली माणसंही हेच बोलतात. सुपे, जेजुरी, इंदापूर, माण, आटपाडी, पाथर्डी या पट्ट्यातल्या टेकड्यांवर या एका समजुतीपायी चांगली गवताळ जमीन खणली जाते. म्हणून ही समजूत एकदा मुळापासून तपासायला हवी, आणि इथे मूळ म्हणजे माती.

रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तिथे थांबून बघा. वर वीतभर, कुठे जेमतेम चार बोटं तपकिरी माती, आणि तिच्यातही निम्मे खडे. खाली पिवळट करडा मुरूम, हाताने चुरगळेल असा. त्याखाली पापुद्रे सुटत चाललेले काळे गोटे आणि मग अखंड कातळ. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खोऱ्यातली कसदार काळी जमीनही याच खडकाची. फरक पाडला तो उताराने. खडक झिजून होणारा बारीक कण पावसाबरोबर खाली उतरतो आणि नदीकाठी साठतो. टेकडीवर माती तयार होते आणि निघूनही जाते, त्यामुळे ती उथळच राहते. कुणी जंगल तोडलं नसतं तरी यातल्या बहुतेक उतारांवर ती फार जाड झाली नसती.

आता पाण्याचा हिशेब करू. मध्यम पोताच्या मीटरभर खोल मातीत झाडाला घेता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी मावतं. आपल्या माळावर माती २० सेंटिमीटर, म्हणजे ३० मिलिमीटर. निम्मे खडे वजा केले की उरले १५. पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं, की हिरवळीतून आणि मातीतून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. साठा तीन-चार दिवसांचा झाला! आणि या पर्जन्यछायेत पावसाचे खंड दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांचे असतात. पुढचे आठ महिने तर कोरडेच.

मुरमाच्या भेगांत थोडी ओल टिकते. जिथे भेग सापडली तिथे हिवर, बोर, खैर उभे राहतात, म्हणूनच ते विरळ असतात. बाकीची जागा पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी यांची. पाऊस लागला की आठवड्याभरात हिरवी होतात, पाऊस सरताना बी टाकतात, आणि वरून वाळली तरी बुंधे जिवंत ठेवतात. या मातीवर जे निभतं ते हेच.

अशा जागी यंत्राने दीड-दोन फुटी खड्डा घेतला म्हणजे कातळात कुंडी कोरल्यासारखं होतं. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबतं, मुळं कडेकडेने गोल फिरतात, आणि दिवाळीनंतर टँकर थांबला की रोप सुकतं. एवढ्यात वर्षानुवर्षं रुजलेले गवताचे ठोंब उपटले गेलेले असतात आणि मुरूम मातीवर पसरलेला असतो. रोपं जगली तरी गोष्ट संपत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेला गिरिपुष्प जगला, आणि त्याच्या दाट सावलीत ऊन मागणारं गवत उरलं नाही.

‘पण इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं,’ असं यावर ठामपणे सांगितलं जातं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी १३व्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले आणि लोकगीतांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग निदान साडेसातशे वर्षं गवत आणि विरळ काटेरी झाडांचाच आहे. ज्यांना अरण्य होतंच असं म्हणायचं आहे त्यांनी तसा पुरावा दाखवावा.

गैरसमज कागदावरही आहे, आणि तो जास्त घातक आहे. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या २०१९च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशाचा सुमारे १७ टक्के भूभाग पडीक ठरला आहे, आणि झुडपी जमिनींचे प्रकार त्यातच धरलेले आहेत. एकदा ‘पडीक’ हा शिक्का बसला की त्या जमिनीचं काय बिघडेल हे कुणी विचारत नाही. २०१९ मध्येच राज्याने ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. अशा मोहिमांना मोकळी जागा म्हणून माळ सगळ्यात आधी सुचतो. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक याच मोकळ्या जागेवर जगतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आणि नान्नजचं माळढोकासाठी राखलं गेलं, ते या गवताळ माळामुळेच.

बाकीचे समज थोडक्यात. ‘हलकी जमीन म्हणजे कस नाही’: बेसाल्टच्या मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं, नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी, पण खरी अडचण खोलीची आणि ओलीची आहे. ‘दगड वेचले की माळ सुधारतो’: वरचे खडे पावसाचा मार झेलतात आणि बाष्पीभवन कमी करतात, ते काढले की उतारावरची माती लवकर वाहून जाते. ‘दरवर्षी पेटवलं की गवत जोमाने येतं’: हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण वळवाच्या सरी उघड्या मातीवर पडतात. ‘मेंढरांनी माळ खाल्ला’: अति चराईने पवन्या, मारवेल मागे पडतात आणि कुसळीचं राज्य येतं, हे बरोबर, पण बेताची, फिरती चराई गवत सोसतं, आणि धनगरांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या तशीच चारत आले आहेत.

माळासाठी काही करायचंच असेल तर पावसाळ्यात गवत बी धरेपर्यंत चराई थांबवा आणि कापणी बी पडल्यावर करा. मारवेल, पवन्या गेले असतील तर त्यांचं बी पहिल्या पावसाआधी फेका, नांगर न घालता. झाडं ओघळीत, ओढ्याकाठी, बांधावर लावा, कारण टेकडीवरून गेलेली माती तिथे साठलेली असते. जागेबद्दल शंका असेल तर आधी पहार मारून बघा. वीतभरात ती खणकन वाजली, तर खड्डा घेऊ नका.