सकाळी शाळेच्या वेळेलाच मुलाचे पोट का दुखते?
शाळेतील भीती, मुलांचा मेंदू आणि पालकांचे हक्क : जबलपूरमधील मराठी कुटुंबांसाठी माहिती

सोमवार ते शनिवार सकाळी मुलाचे पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही. घरी सतराचा पाढा धडाधड म्हणणारी मुलगी वर्गात उभे केले की बारा सत्ते विसरते. अशा वेळी घरातली मोठी माणसे म्हणतात, "नाटकं करतोय" किंवा "लक्षच नाही हिचं". बऱ्याचदा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. पोट खरेच दुखत असते आणि पाढा खरेच आठवत नसतो. असे का होते आणि अशा वेळी शासनाच्या कोणत्या तरतुदी तुमच्या कामी येऊ शकतात, हे या लेखात सांगितले आहे.

भीती वाटली की डोक्यात काय होते?

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एक भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोका ओळखणे हे त्याचे एक मोठे काम. समोर साप असो की छडी घेतलेले गुरुजी, हा भाग इशारा देतो आणि शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पचन मंदावते, पोटात गोळा येतो. सोबत कॉर्टिसॉल नावाचे ताणाचे संप्रेरक रक्तात वाढते.

कपाळामागचा मेंदूचा भाग विचार करणे, हिशेब मनात धरून ठेवणे आणि स्वतःला आवरणे ही कामे करतो. भीती जोरात असली की त्याचे काम ढेपाळते. हा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते, म्हणजे सात वर्षांच्या मुलाकडे तो अजून कच्चाच असतो. त्यामुळे "शांत हो" असे ओरडून मूल शांत होत नाही. आधी जवळचे कोणी मोठे माणूस शांत असावे लागते, मग त्याच्या आधाराने मूल शांत होते. आई, आजी किंवा बाई, कोणीही चालते.

थोडा ताण वाईट नसतो. स्पर्धेच्या आधीची धाकधूक किंवा नवे गणित सुटत नसल्याची चुटपुट मुलाला पुढे नेते. रोजची, न संपणारी आणि कोणाचाच आधार नसलेली भीती मात्र नुकसान करते.

"भावना घरी ठेवून ये, शाळेत अभ्यास कर" हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, असे मेंदूचा अभ्यास सांगतो. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ अँटोनियो डमासिओ यांनी कपाळामागच्या भागाला इजा झालेले रुग्ण तपासले. त्यांची बुद्धी, भाषा आणि माहिती शाबूत होती, पण भावना बोथट झाल्या होत्या. हे लोक परीक्षेतले प्रश्न सोडवत, मात्र रोजच्या आयुष्यातले निर्णय वारंवार चुकवत. पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या मेरी हेलन इमॉर्डिनो-यांग आणि डमासिओ यांनी 2007 साली यावरून शिक्षणासाठी एक निष्कर्ष मांडला. मुलाला ज्याचे काही वाटते, तेच ते खऱ्या अर्थाने शिकते आणि बाहेर वापरते. छडीच्या धाकाने पाठ केलेला धडा परीक्षेपुरता टिकतो. शिवाय त्या धड्यासोबत मूल आणखी एक गोष्ट शिकते, ती म्हणजे पुस्तक दिसले की घाबरायचे.

येथे एक सावधगिरीची सूचना. "मेंदू जागा करतो", "डोळे बांधून वाचायला शिकवतो" असे सांगून काही जण मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनच्या नावाने हजारो रुपये घेतात. याला वैज्ञानिक आधार नाही आणि शासनाची अशी कोणतीही योजना नाही. ते पैसे वाचवा.

कायदा काय म्हणतो?

मारल्याशिवाय मूल शिकत नाही, असे आजही अनेक पालक स्वतः शिक्षकांना सांगतात. पण बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, 2009 (आरटीई) वेगळे सांगतो. 6 ते 14 वयाच्या मुलांसाठीचा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. तसे करणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. "मानसिक छळ" हे शब्द नीट लक्षात ठेवा. जातीवरून, बापाच्या कामावरून किंवा फी माफ असल्यावरून सर्वांसमोर हिणवणे ही साधी बाब नाही. खाजगी शाळेत 25 टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मोफत प्रवेश म्हणजे उपकार नव्हे.

कलम 29 बद्दल फार कमी लोक बोलतात. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील आणि मोकळेपणाने आपले मत मांडेल, याचा विचार करावा, असे त्यात लिहिले आहे. शक्य असेल तेथे शिकवण्याचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, हेही त्याच कलमात आहे.

मातृभाषेचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. जबलपूर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते. पुढे रेल्वे आणि तोफखान्याच्या कारखान्यांमुळेही मराठी घरे येथे स्थिरावली. या घरांतली मुले आजीशी मराठीत भांडतात आणि वर्गात हिंदीत उत्तरे देतात. दोन भाषा येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला राग, लाज, भीती यांची नावे घरच्या भाषेतच येतात. "मला कसंतरी होतंय" हे हिंदीत कसे म्हणायचे, ते त्याला सुचत नाही, म्हणून ते गप्प बसते आणि मठ्ठ ठरते. संविधानाच्या अनुच्छेद 350क प्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. वर्गात अशी 10 किंवा शाळेत 40 मुले असल्यास त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र 1949 पासून मान्य आहे. तेवढी मुले एका शाळेत जमणे आज अवघड आहे, हे खरे. तरीही "माझ्या मुलाला त्रास झाला तर तो मराठीत सांगेल, समजून घ्या" एवढी विनंती शिक्षकांना करायला संख्या लागत नाही. रोज झोपताना "आज शाळेत काय वाटलं?" हा प्रश्न मराठीत विचारायलाही नाही. "काय शिकलास?" हा प्रश्न मात्र त्या वेळी नको.

शाळेत आता काय बदलत आहे?

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 सांगते की मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणजे पहिलीत जाण्यापूर्वीच बरेच काही घडून गेलेले असते. म्हणून 3 ते 8 वर्षांचा पायाभूत टप्पा वेगळा केला आहे. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 20 ऑक्टोबर 2022 रोजी आला. त्यात सामाजिक, भावनिक आणि नैतिक विकास हा भाषा व गणितासारखाच शिक्षणाचा एक भाग मानला आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळणे वाटून घेणे, रडणाऱ्या मित्राजवळ जाऊन बसणे या गोष्टी आता अभ्यासक्रमात आहेत.

अंगणवाडीसाठी "पोषण भी, पढाई भी" हा कार्यक्रम 10 मे 2023 रोजी सुरू झाला. तीन वर्षांखालील मुलांसाठी "नवचेतना" आणि 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी "आधारशिला" असे आराखडे आहेत. त्यामुळे अंगणवाडी म्हणजे फक्त खाऊ मिळण्याची जागा, असे समजू नका. मूल तेथे दोन तास गाणी म्हणत, मातीत खेळत असेल तर "काही शिकवत नाहीत" अशी तक्रारही करू नका, कारण या वयात शिकणे असेच असते. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे हेच केले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथूनच रूढ झाला.

मोठ्या मुलांसाठी आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना "आरोग्य व कल्याण दूत" म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. भावनिक स्वास्थ्य हा त्यांच्या 11 विषयांपैकी एक आहे. तुमच्या शाळेत हे दोन शिक्षक कोण आहेत, हे विचारा.

धोरण आणि वर्ग यांत अंतर आहे, हे आम्हीही मान्य करतो. मध्य प्रदेशात पाचवी आणि आठवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होते. एकीकडे भीतीमुक्त शाळा म्हणायचे आणि दुसरीकडे दहा वर्षांच्या मुलासमोर बोर्डाचे नाव उभे करायचे, यात ताण आहेच. म्हणून पालकांना नियम माहीत हवा. या वर्गात मूल नापास झाले, तर त्याला जादा शिकवणी द्यावी लागते आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी मिळते. त्यातही अपयश आले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. हे मुलाला परीक्षेआधी सांगा. नापास झालो तर शाळा सुटेल, ही भीती कमी झाली की अभ्यासही बरा होतो.

भीतीच आहे, की आणखी काही?

गप्प राहणारे प्रत्येक मूल घाबरलेले असते, असे नाही. कधी त्याला नीट ऐकू येत नसते, कधी फळा दिसत नसतो, कधी वाढीत विलंब असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रात पालघर येथून झाली. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. फिरते आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. पथकाच्या भेटीची तारीख शाळेत विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाची सुट्टी होऊ देऊ नका. तपासणीत काही आढळल्यास पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. जबलपूरमध्ये ते सेठ गोविंददास रुग्णालय आहे, म्हणजे आपण ज्याला व्हिक्टोरिया म्हणतो ते.

शाळेत मारहाण किंवा अपमान होत असेल तर

प्रथम मुलाचे पूर्ण ऐका आणि मध्ये "तूच काही केलं असशील" म्हणू नका. मग वर्गशिक्षकांना एकटे भेटा, मुलासमोर भांडू नका. बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. न मिटल्यास सरकारी किंवा अनुदानित शाळेत शाला प्रबंधन समितीकडे जा. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बैठक कधी आहे ते विचारा आणि तुमचा विषय लेखी नोंदवून घ्या. विनाअनुदानित खाजगी शाळेला ही समिती बंधनकारक नाही. तेथे थेट मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या.

त्यापुढची पायरी आरटीई कलम 32 ची. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात महापालिका आणि गावात पंचायत यांच्याकडे, लेखी तक्रार करता येते. संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तक्रारीची एक प्रत जिल्हा शिक्षण अधिकारी कार्यालयातही द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. निर्णय पटला नाही, तर राज्य बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात मुलाचे नाव, वर्ग, तारीख, काय घडले आणि कोणी पाहिले, एवढे लिहा. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून चिठ्ठी जोडा.

मोफत मदतीचे क्रमांक
मुलाला तातडीचा धोका असल्यास : 1098 (चाइल्ड हेल्पलाइन, चोवीस तास)
मूल किंवा पालक खूप तणावात असल्यास : 14416 (टेलि-मानस, चोवीस तास, फोन लागल्यावर भाषा निवडता येते)
विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन : 8448440632 (मनोदर्पण, सकाळी 8 ते रात्री 8)
तक्रारीवर कार्यवाही होत नसल्यास : 181 (मध्य प्रदेश सीएम हेल्पलाइन). फोन करताना समग्र आयडी आणि पोचपावती जवळ ठेवा.