पंच कोणी नेमला?



मुलांच्या फुटबॉल सामन्यात पंचाने शिटी वाजविली की पहिला आरडाओरडा बहुधा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचा असतो. ‘डोळे फुटले काय?’ हे बापाचे वाक्य मग बारा वर्षांचे पोर मैदानात म्हणते. अशा पोराला ‘पंचाचा मान राख’ एवढे सांगून भागत नाही. मान का राखावयाचा, हे समजावून द्यावे लागते. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. वरून आलेला हुकूम निमूटपणे माना, असे आम्ही कामगारांना कधी शिकविले नाही. मुलांनाही शिकविणार नाही. म्हणून हा पंच आला कोठून, हेच आधी पाहू.

1863 साली लंडनमध्ये निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. तोवर जितक्या शाळा तितके नियम होते. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारू द्यावी की नाही, यावर कडाक्याचा वाद झाला. मारू नये असे ठरले. ते न पटलेला ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. त्या पहिल्या नियमांत पंचाचा उल्लेखच नव्हता. तंटा झाला तर कप्तानांनी आपसांत मिटवावा, अशी रीत होती. पुढे दोन्ही संघ आपापला एकेक अंपायर देऊ लागले. त्या दोघांचे जमेना, तेव्हा रेषेबाहेर एक त्रयस्थ माणूस उभा राहू लागला. मतभेद झाला की प्रश्न त्याच्याकडे न्यावयाचा. 1891 साली हा त्रयस्थ मैदानात आला आणि ते दोघे रेषेवर गेले.

संघटनेत काम केलेल्या माणसाला या पायऱ्या ओळखीच्या वाटतील. आधी दोन पक्षांची बोलणी, मग प्रतिनिधींची बैठक, आणि तरीही न मिटले तर दोघांनी मान्य केलेला लवाद. पंच म्हणजे मैदानावरचा मुकादम नव्हे. खेळणाऱ्यांनीच आपल्या गरजेपोटी त्याला नेमले आहे. त्याचा निर्णय मानणे म्हणजे आपणच दिलेला शब्द पाळणे होय.

पण पंच चुकला तर? चुकतोच, तोही माणूस आहे. कारखान्यात चुकीच्या निर्णयाने माणसाची भाकरी जाते, म्हणून तेथे वर्षानुवर्षे झगडावे लागते. मैदानात गेला तर एक गोल जातो. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो निर्णय बदलण्याची मुभा नियमाने खुद्द पंचालाही नाही. तेव्हा ओरडून मिळते काय? पिवळे कार्ड. इंग्लंडमध्ये 2019-20 च्या हंगामापासून स्थानिक सामन्यांत पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला, सामना नव्वद मिनिटांचा असल्यास, 10 मिनिटे बाहेर बसवू लागले. 2024 साली जर्मनीत झालेल्या युरोपीय स्पर्धेत पंचाकडे खुलासा विचारावयास फक्त कप्तानाने जावे, असा दंडक घातला गेला. आम्हांस हे फार पटते. शंभर माणसांनी एकदम गलका केला तर कोणाचेच ऐकू जात नाही; एक प्रतिनिधी शांतपणे बोलला तर ऐकावेच लागते. मुलांच्या प्रत्येक संघाने हा नियम आपणहून लावून घ्यावा.

सत्य सांगण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही. 1997 साली आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूलचा रॉबी फाउलर गोलरक्षकासमोर पडला. पंचाने पेनल्टी दिली. ‘मला त्याने पाडले नाही,’ असे फाउलरने स्वतः पंचाला सांगितले. पंचाने निर्णय बदलला नाही. फाउलरने किक मारली, गोलरक्षकाने ती अडविली, आणि परत आलेल्या चेंडूवर त्याच्या सहकाऱ्याने गोल केला. आपल्या फायद्याच्या निर्णयाविरुद्ध तो बोलला, आणि निर्णय कायम राहिल्यावर तो मानून खेळला. यात सगळी खेळाडूवृत्ती आली.

आता समोरच्या संघाविषयी. आम्ही लढ्यातली माणसे. समोर कोण आहे हे आधी ओळखावे, हा आमचा पहिला धडा. मैदानात समोर मालक नसतो. समोर आपल्यासारखेच, आपल्याच वयाचे पोर असते. ते आले नाही तर सामनाच होत नाही. आपल्याकडे कोल्हापुरात तालमींचे संघ उतरतात आणि त्यांच्यामागे पेठा उभ्या राहतात. तो अभिमान हे या खेळाचे मोठे बळ आहे. पण आपल्या पेठेचा अभिमान बाळगण्यासाठी शेजारच्या पेठेच्या पोराला आईबहिणीवरून शिव्या देण्याची गरज नसते.

हे केवळ सभ्यतेपुरते नाही. शिव्या खाऊन पंच काम सोडतात. ते गेले की मुलांचे सामने बंद पडतात. इंग्लंडमध्ये 2023 साली हौशी सामन्यांतील पंचांच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू करावा लागला, इतकी तेथे वेळ आली. तेथे चौदाव्या वर्षापासून पंच होता येते. म्हणजे ज्याच्यावर आपण ओरडतो, तो पुष्कळदा मुलगाच असतो.

तेव्हा पुढल्या रविवारी मुलाचा सामना पाहावयास जाल, तर एवढेच करा. चांगल्या खेळाला टाळी द्या, मग तो कोणत्याही संघाचा असो. सूचना देण्याचे काम प्रशिक्षकावर सोडा. सामना संपल्यावर मुलांना समोरच्या संघाशी व पंचाशी हस्तांदोलन करू द्या, आणि मागोमाग आपणही जाऊन पंचाला ‘बरे झाले, आलात’ असे म्हणा. मुलगा ते पाहत असतो.