बिल गथ्रिज : ३० वर्षांचे सहायकपद

अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षकाची उमेदवारी बहुधा अशी चालते : प्रथम स्वतः खेळाडू, मग अल्प वेतनावरील मदतनीस, पुढे होतकरू खेळाडू हेरणारा व प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाची छाननी करणारा सहायक, आणि संधी मिळताच अन्यत्र मुख्य प्रशिक्षक. बिल गथ्रिज यांनी मात्र हा शिरस्ता मोडला. कॅन्सस स्टेटमध्ये खेळून, पुढे तेथेच टेक्स विंटर यांच्या हाताखाली उमेदवारी करून, १९६७ साली ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ यांचे सहायक झाले, आणि उंच खेळाडूंच्या तालमीपासून फ्री थ्रोच्या सरावापर्यंतची जबाबदारी निष्ठेने वाहत ३० वर्षे त्याच पदावर राहिले. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्मिथ निवृत्त झाले, तेव्हा साठी गाठलेल्या गथ्रिज यांच्या हाती सूत्रे आली. पहिल्याच हंगामात संघाने ३४ सामने जिंकले. आणि त्यांच्या तीन हंगामांच्या कारकिर्दीत, १९९८ व २००० साली, तो राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत पोहोचला. दुय्यम मानल्या गेलेल्या पदावर राहूनही केवढी विद्या संपादन करता येते, याचा इतका बोलका दाखला मला दुसरा ठाऊक नाही. प्रशिक्षणक्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही कारकीर्द अवश्य अभ्यासावी.