विद्यार्थ्याची शैली आणि यंत्राची शिकवणी

अमुक मूल डोळ्यांनी शिकते, तमुक कानांनी, तिसरे हातांनी, अशी वर्गवारी हल्ली पालकसभांतून इतक्या बिनदिक्कत केली जाते, की चॅटबॉटकडे शिकवणी सोपवताना ‘ह्याची शैली ओळख आणि तिच्याबरहुकूम शिकव’ असे त्यास फर्मावले म्हणजे निम्मे काम झाले, असा समज सुशिक्षितांतही दृढ झाला आहे. त्याचा पाया तपासू गेल्यास तो कच्चा आढळतो. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग ह्यांनी 1992 च्या सुमारास दृक्, श्राव्य, वाचन-लेखन व कृती अशी चतुर्विध विभागणी प्रचारात आणली. पुढे 2004 साली इंग्लंडात फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली तेव्हा अध्ययनशैलींच्या अशा 71 निरनिराळ्या पद्धती निघाल्या, आणि 2008 साली हॅरॉल्ड पॅशलर आदी चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाची छाननी करून, शैलीशी जुळवून शिकवल्याने फलप्राप्ती वाढते असे मानण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. मुलांना आवडीनिवडी असतात हे कबूल. परंतु ‘श्राव्य’ म्हणवणाऱ्या मुलासही सह्याद्रीची रांग नकाशावर पाहावीच लागते, आणि ‘दृक्’ मुलासही वृत्ताची लय कानांनीच ओळखावी लागते.

मग मुलामुलांत भेद नाहीतच काय? आहेत, आणि ते पूर्वज्ञानाचे, भाषेचे व गतीचे आहेत. सेमी-इंग्रजी वर्गात गणित इंग्रजीतून ऐकून घरी ते मराठीत उमजून घेऊ पाहणाऱ्या मुलास तीच गोष्ट चार वेळा, न संकोचता, विचारण्याची मुभा चॅटबॉट देतो, ही लहान सोय नव्हे.

मात्र तत्काळ उत्तर मिळाले म्हणजे ज्ञान मिळाले, हा दुसरा समज पहिल्याहून घातक आहे. समजा, मुलाने अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून 1/2 + 1/3 = 2/5 असे लिहिले. येथे यंत्राने 5/6 हे उत्तर लिहून दिले, तर वहीतील चूक दुरुस्त होते, डोक्यातील तशीच राहते. उलट ‘2/5 हा 1/2 पेक्षा मोठा की लहान?’ एवढेच विचारले, तर बेरीज करूनही संख्या घटली कशी, ह्या कोड्यात पडून मूल आपणहून मागे वळते. तुर्कस्तानात सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात, साध्या चॅटबॉटच्या साह्याने सराव करणाऱ्यांची सरावातील कामगिरी 48 टक्क्यांनी वाढली, परंतु परीक्षेत ते साधन काढून घेताच ती, ज्यांस ते मिळालेच नव्हते अशांच्या तुलनेत, 17 टक्क्यांनी घटली. उत्तर न देता सूचना देणाऱ्या चॅटबॉटच्या बाबतीत हे नुकसान बव्हंशी टळले. तेव्हा ‘उत्तर सांगू नकोस, माझी पायरी तपास’ ही आज्ञा मुलास प्रथम शिकवावी.

वाचनात अडखळणे हीदेखील एक ‘शैली’च, असे म्हणून स्वस्थ बसणे तर अन्यायच होय. अशा अडखळण्यामागे असू शकणारी विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत समाविष्ट आहे. तिचे निदान तज्ज्ञांकडूनच व्हावयास हवे. मजकूर वाचून दाखवणे, वाक्ये सोपी करणे, इतपत साह्य चॅटबॉट करू शकेल, दाखला देऊ शकणार नाही.

राहता राहिली यंत्राच्या अचूकतेची बाब. चॅटबॉट चुकीचे विधानही तितक्याच सफाईने करतो, सबब पाठ्यपुस्तक शेजारी उघडे असावे. युनेस्कोने 2023 च्या मार्गदर्शिकेत वर्गातील अशा साधनांसाठी किमान 13 वर्षे वयाची शिफारस केली आहे. त्याहून लहान मुलाच्या शंका वडीलधाऱ्यांनी स्वतः टंकून विचाराव्यात, हे बरे.