खांबामागची खुर्ची

लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर तिकीट काढताना जाणते प्रेक्षक आधी एकच गोष्ट बघत: खुर्ची खांबामागे तर नाही? बुलेन्स रोडच्या बाजूच्या जुन्या स्टँडमध्ये छत पेलणारे लोखंडी खांब प्रेक्षक आणि गोलच्या नेमके मधे उभे आहेत. अशा जागा विकताना क्लब तशी सूचना द्यायचा, आणि तरीही त्या विकल्या जायच्या. कॉर्नर किकच्या वेळी मान डावीकडे, पेनल्टीच्या वेळी उजवीकडे, असं करत नव्वद मिनिटं काढणारी माणसं पुढच्या हंगामात त्याच खुर्चीचा पास पुन्हा घ्यायची. हे मैदान दुरुस्त करून वापरावं की सोडून जावं, यावर एव्हर्टन फुटबॉल क्लबमध्ये जवळपास पंचवीस वर्षं भांडण चाललं.

भांडणाला या क्लबची ना नाही. मुळात गुडिसन उभं राहिलं तेच भांडणातून. एव्हर्टन आधी अॅनफिल्डवर खेळायचा, होय, आज ज्याला सारं जग लिव्हरपूल क्लबचं मैदान म्हणून ओळखतं तिथेच. १८९१ मध्ये इंग्लिश लीगचं पहिलं विजेतेपदही त्याने तिथेच असताना मिळवलं. मैदानाचा मालक जॉन हूल्डिंग, धंद्याने बिअरवाला आणि क्लबचा अध्यक्षही. संघ जिंकू लागला तसं त्याने भाडं वाढवलं. शंभर पौंडांचं भाडं काही वर्षांत अडीचशेच्या घरात गेलं. मैदानात पेयं विकायची तीही त्याचीच, ही आणखी एक अट. समोरच्या गटाचा पुढारी जॉर्ज मॅहन हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस. बिअर आणि ऑर्गन यांचं जमणं कठीणच होतं. १८९२ मध्ये बहुसंख्य सभासद बाहेर पडले. हूल्डिंगकडे मैदान उरलं आणि संघ नाही. म्हणून त्याने नवा संघ काढला आणि त्याचं नाव ठेवलं लिव्हरपूल. मुंबईकरांना हे कथानक ओळखीचं वाटेल. ब्रेबॉर्नवरच्या तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं, त्यातून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटीही झाली.

मॅहनच्या गटाने स्टॅनली पार्क या बागेच्या दुसऱ्या अंगाला मिअर ग्रीन नावाचं पडीक शेत घेतलं. डॉ. जेम्स बॅक्स्टर यांनी हजार पौंड बिनव्याजी दिले. २४ ऑगस्ट १८९२ रोजी उद्घाटन झालं, त्या दिवशी फुटबॉल नव्हताच. मैदानी शर्यती झाल्या, वाद्यवृंद वाजला, आतषबाजी झाली. खास फुटबॉलसाठी बांधलेल्या जगातल्या पहिल्या मोठ्या मैदानांत गुडिसनची गणना होते.

पुढची पन्नास वर्षं हे मैदान इतरांच्या पुढे होतं. स्कॉटलंडच्या आर्चिबाल्ड लीच या अभियंत्याने तिथे एकामागून एक स्टँड बांधले. सज्ज्याच्या कठड्यावर फुलीफुलीची लोखंडी जाळी ही त्याची सही. १९३८ मध्ये ग्लॅडिस स्ट्रीटचा स्टँड पुरा झाला आणि चारही बाजूंना दुमजली स्टँड असलेलं गुडिसन हे ब्रिटनमधलं पहिलं मैदान ठरलं. त्या कामाला उशीर झाला तो एका म्हाताऱ्यामुळे, असं सांगतात: पाडायच्या घरांपैकी एकात तो राहत होता आणि दुसरीकडे सोय झाल्याशिवाय हलायला तयार नव्हता. प्रशिक्षकांना बसायला मैदानाकडेला केलेली खोलगट जागा, डगआउट, ही अॅबरडीनची युक्ती. ती पाहून आल्यावर १९३१ मध्ये एव्हर्टनने इंग्लंडमधला पहिला डगआउट केला.

१९५८ ची गोष्ट तर आणखी मजेची. हिवाळ्यात गोठलेल्या मैदानामुळे सामने रद्द होत, म्हणून क्लबने सोळा हजार पौंड खर्चून गवताखाली वीस मैल लांबीची विजेची तार अंथरली. तिने काम इतकं चोख केलं की वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहून न्यायला खालचे नळ पुरेनात. दोन वर्षांत सगळं मैदान उकरून पुन्हा घालावं लागलं.

इथेच १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने पोर्तुगालवर पहिल्या पंचवीस मिनिटांत तीन गोल चढवले आणि मग एकट्या युसेबिओने चार गोल करून सामना ५-३ असा फिरवला. एका हंगामात लीगचे साठ गोल करणारा डिक्सी डीन १९८० मध्ये इथेच, लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघत असताना वारला. कित्येक चाहत्यांच्या घरच्यांनी त्यांची रक्षा या मैदानात पुरली. २००४ मध्ये क्लबने ती प्रथा थांबवली, कारण जागाच उरली नव्हती. तोवर आठशेहून अधिक लोकांची रक्षा तिथे होती. मैदान सोडायचं की नाही या प्रश्नावर सभेत आवाज का चढत, हे यावरून कळावं.

पण खरी अडचण भावनेची नव्हती, जमिनीची होती. गुडिसनच्या चारी बाजूंना वॉल्टन भागाची लालविटांची चाळवजा घरं खेटून उभी. एका टोकाला शाळा. मुख्य स्टँड आणि ग्लॅडिस स्ट्रीट यांच्या कोपऱ्यात तर सेंट ल्यूक्स चर्च असं घुसलेलं की मैदानाचा एक कोपरा त्याच्याच मालकीचा वाटावा. चर्चच्या प्रार्थनेसाठी रविवारी लवकरचे सामने गुडिसनवर ठेवत नसत. १९४८ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला ७८,२९९ माणसं आली होती, ती बहुतेक उभी राहून. १९८९ च्या हिल्सबरोच्या दुर्घटनेत चेंगराचेंगरीने ९७ जण मेले, त्यानंतरच्या टेलर अहवालाने वरच्या विभागातल्या मैदानांना प्रत्येक प्रेक्षकासाठी खुर्ची सक्तीची केली. गुडिसनची क्षमता चाळीस हजारांच्या आत आली. श्रीमंत पाहुण्यांच्या बंद कक्षांतून आजचे क्लब जो पैसा काढतात, त्यासाठी स्टँड मागे सरकवायला जागा लागते. मागे लोकांची स्वयंपाकघरं होती.

मग पळवाटा शोधणं सुरू झालं. शहराच्या मध्यभागी किंग्ज डॉकवर ५५,००० खुर्च्यांचं, सरकत्या छपराचं स्टेडियम ठरलं. क्लबला आपल्या वाट्याचे तीन कोटी पौंड उभे करता आले नाहीत आणि २००३ मध्ये ते बुडालं. आज त्या जागी बंदिस्त सभागृहात संगीताचे कार्यक्रम होतात. मग टेस्को या दुकानसाखळीबरोबर शहराच्या हद्दीबाहेर, कर्कबीला जायची योजना आली. २००७ मध्ये चाहत्यांचं मत घेतलं, ५९ टक्के हो म्हणाले, पण उरलेल्यांनी ती लढाई सोडली नाही आणि २००९ मध्ये सरकारनेच परवानगी नाकारली. पुढे वॉल्टन हॉल पार्कचं नाव आलं, तेही २०१६ मध्ये गळलं.

याच काळात बागेपलीकडचा शेजारी उलट दिशेने गेला. लिव्हरपूल क्लबला स्टॅनली पार्कमध्ये नवं मैदान बांधायचं होतं, परवानगीही होती. अमेरिकन मालकांच्या पहिल्या जोडीने गाजावाजा केला, पैसा काही आणला नाही. २०१० मध्ये मालकी बदलली आणि दोन वर्षांनी नव्या मालकांनी अॅनफिल्डच वाढवायचं जाहीर केलं. २०१६ मध्ये मुख्य स्टँड उंच झाला, मग अॅनफिल्ड रोडचा. आता तिथे साठ हजारांच्या वर माणसं बसतात. जुनं घर राखून मोठं करण्याचा आदर्श म्हणून हे उदाहरण देतात. देणाऱ्यांनी त्या स्टँडमागच्या गल्ल्यांची हकिकतही सांगावी. क्लबने वर्षानुवर्षं तिथली घरं विकत घेतली, खिडक्यांना फळ्या ठोकून रिकामी ठेवली, आणि उरलेल्या रहिवाशांना उजाड गल्लीत दिवस काढावे लागले. अॅनफिल्ड वाढलं, ते शेजाऱ्यांच्या जिवावर. एव्हर्टनकडे ती जमीन नव्हती, आणि ती मिळवण्याचा हा मार्ग त्याने पत्करला नाही हे बरंच झालं.

टॉटनहॅमने जुनं व्हाइट हार्ट लेन पाडून त्याच जागी नवं बांधलं, हेही खरं. पण ते काम चालू असताना त्यांना वेम्ब्ली मिळालं होतं. मर्सी नदीकाठी दुसरं वेम्ब्ली नाही. एव्हर्टनने दोन हंगाम कुठे खेळायचं, अॅनफिल्डवर भाड्याने? १८९२ नंतर तो शब्द उच्चारायची कोणाची छाती झाली नसती.

अखेर जागा मिळाली ती नदीवरच, ब्रॅमली-मूर डॉकमध्ये. जेसी हार्टलीने बांधलेली ही गोदी १८४८ ची, मुख्यतः कोळशाच्या जहाजांची. आयरिश समुद्रातून उपसलेल्या लाखो घनमीटर वाळूने ती भरली, त्याआधी तिच्यातले मासे पकडून हलवले, गोदीच्या मूळ भिंती आत तशाच राखल्या. युनेस्कोला हे पटलं नाही. नदीकाठच्या नव्या बांधकामांवर ठपका ठेवत जुलै २०२१ मध्ये लिव्हरपूलचं नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढलं गेलं. अशी वेळ आलेली ही जगातली फक्त तिसरी जागा. तिथे जाऊन आलेल्या माणसाला मात्र प्रश्न पडतो, की ती गोदी त्याआधी कोण बघत होतं? दशकानुदशकं ती कुंपणाआड ओस पडलेली. पाण्याच्या दाबावर यंत्रं चालवणारा तिचा जुना बुरूज गळका होता; स्टेडियमच्या पैशानेच तो दुरुस्त झाला.

पैशाची बाजू मात्र कुरूप आहे. ५० कोटी पौंडांचा अंदाज ७५ कोटींच्या घरात गेला. क्लब कर्जात रुतला. तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामात त्याचे दोनदा मिळून आठ गुण कापले गेले. स्टेडियमच्या कर्जावरचं व्याज वगळा, हा त्याचा बचाव मान्य झाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये क्लब पुन्हा विकला गेला. नवं मैदान आता एका कायदेविषयक कंपनीच्या नावाने, हिल डिकिन्सन स्टेडियम म्हणून ओळखलं जातं. बसायला सुमारे ५३,००० खुर्च्या, आणि दिसतं सगळीकडून. बाहेरच्या विटांमध्ये लीचची फुलीफुलीची जाळी उमटवली आहे. सामना सुटल्यावर सँडहिल्स स्टेशनबाहेर लांबच लांब रांग लागते.

पुरुष संघाचा गुडिसनवरचा शेवटचा सामना १८ मे २०२५ रोजी झाला. इलिमान एंजायने साउदॅम्प्टनवर दोन गोल केले. नव्या मैदानावर लीगचा पहिला सामना २४ ऑगस्टला, म्हणजे गुडिसनच्या उद्घाटनाच्या तारखेलाच आला, आणि लीगमधला तिथला पहिला गोलही एंजायचाच.

मूळ बेत गुडिसन पाडून तिथे घरं आणि दवाखाना वगैरे बांधायचा होता. शेवटच्या सामन्याच्या काही दिवस आधी नव्या मालकांनी तो बदलला आणि मैदान क्लबच्या महिला संघाला दिलं. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. २६ डिसेंबर १९२० रोजी याच मैदानावर डिक, कर या प्रेस्टनच्या कारखान्याचा महिला संघ सेंट हेलेन्सच्या मुलींशी खेळला, तेव्हा ५३,००० लोक आत होते आणि हजारो दाराबाहेर परतले. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली, ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. सप्टेंबर २०२५ पासून तिथे महिलांच्या वरिष्ठ लीगचे सामने होतात; तोवर हा संघ वॉल्टन हॉल पार्कमधल्या दोनेक हजार प्रेक्षकांच्या मैदानावर खेळत होता.

मँचेस्टर युनायटेडने मार्च २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डशेजारी एक लाख खुर्च्यांचं नवं स्टेडियम बांधायचं जाहीर केलं आहे. जुन्याचं काय करायचं, हे पक्कं करण्याआधी त्यांच्या संचालकांनी महिलांच्या सामन्याचं तिकीट काढून एकदा वॉल्टनला जाऊन यावं.