पाण्याचा अहवाल आपल्या वस्तीत आला पाहिजे

रिद्धपूरला पाण्याची एक जुनी आठवण आहे. तेराव्या शतकातील गोविंदप्रभूंच्या चरित्रात, पाण्यावाचून हाल होणाऱ्या अस्पृश्यांसाठी विहीर झाल्याचा प्रसंग येतो. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून पाण्याचा हक्क जगापुढे मांडला. आज वस्तीत नळ आला असेल. पण नळाचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे जाणणे हाही आपला हक्कच आहे.

तपासणीची व्यवस्था आहे. पावसाळ्याआधी व नंतर गावातील पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. धोका जास्त असल्यास ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मध्यम असल्यास पिवळे, कमी असल्यास हिरवे मिळते. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना किटने पाणी तपासायला शिकवायचे ठरले आहे. मात्र कार्ड मिळते ग्रामपंचायतीला, आणि पाणी पितो आपण.

माहिती वेळेवर मिळणे हा जिवाचा प्रश्न आहे. जुलै २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीच्या दूषित पाण्यामुळे साथ पसरली आणि माणसे दगावली.

नुसते ‘पाणी अयोग्य’ असे लिहून भागत नाही, कारण प्रत्येक दोषाचा उपाय वेगळा असतो. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही नसावा. असल्यास पाणी चांगले उकळून प्यावे. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर त्या पाण्यात तान्ह्या बाळाचे वरचे दूध कालवू नये. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील क्षारही उकळून जात नाहीत.

अमेरिकेत १९९८ च्या नियमाने पाणीपुरवठा करणाऱ्यांनी दरवर्षी ग्राहकांना अहवाल देणे बंधनकारक झाले. पाणी कुठून येते, त्यात काय सापडले, मर्यादा किती, हे त्यात सांगावे लागते. आपणही येत्या ग्रामसभेत असा ठराव मांडू या. ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी आणि विहाराजवळच्या फलकावर पुढील गोष्टी सोप्या मराठीत लिहिल्या जाव्यात:

• नमुना कोणत्या नळाचा, विहिरीचा वा हापशीचा, आणि कोणत्या तारखेचा
• काय सापडले, किती, आणि मर्यादा किती
• हे पाणी कोणी पिऊ नये, आणि घरी काय करावे
• दोष कोण दूर करणार, आणि केव्हापर्यंत

जंतू सापडल्यास फलकाची वाट न पाहता त्याच दिवशी दवंडी द्यावी. वस्तीच्या टोकाच्या नळाचाही नमुना घेतला जावा, कारण फुटक्या पाइपातून घाण वाटेतच शिरते.

अहवाल दाखवत नसतील तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. महिला मंडळाने पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारावा: आपल्या गावाला यंदा कोणते कार्ड मिळाले?